राखेची वाट

१

ग्योकलानची संध्याकाळ ठरलेली होती. कुकरमध्ये भात लावायचा, तो होईपर्यंत देव्हाऱ्यापुढे उदबत्ती पेटवायची आणि गेलेल्या नवऱ्याच्या नावपाटीसमोर उभं राहून दिवसभराच्या तक्रारी त्याच्या कानावर घालायच्या. नळाला पाणी बारीक येतंय, गुडघा पुन्हा कुरकुरतोय, शेजारणीने कुंपणातली पपई न विचारता उतरवली. जिवंत असताना हा माणूस अर्धी तक्रार ऐकून पायात चपला सरकवायचा. आता वीतभर लाकडी पाटीत उभा राहून सगळं निमूट ऐकून घ्यायचा. संसार खरा सुखाचा झाला तो आत्ताच, असं ती शेजारणीला हसून सांगायची.

घर जुनं होतं, पण खणखणीत. सासरा तैवानातल्या या कागी गावच्या लाकूड कापायच्या गिरणीत मुकादम होता. आलिशानच्या डोंगरातून उतरलेलं हिनोकी लाकूड त्याने एकेक फळी पारखून या घराला लावलं होतं. भिंती लाकडाच्या, जमीन लाकडाची, माथ्यावरच्या तुळया लाकडाच्या. या लाकडाला कीड शिवत नाही, असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा आणि खांबावर थाप मारायचा. दमट हवेत भिंतींना अजूनही लिंबाच्या सालीसारखा वास सुटायचा.

त्या संध्याकाळी हवा कोंदलेली होती. थडगी झाडायचा सण नुकताच झाला होता. ग्योकलानने उदबत्ती पेटवली आणि तिच्या मनगटावर काहीतरी पडलं. पंख होता. तांदळाच्या दाण्याएवढा, पारदर्शक.

पंख फुटलेली वाळवी कागीला नवी नाही. मे महिना सरत आला, एखादी सर येऊन गेली की ती ढगासारखी उतरते. सगळी गल्ली दिवे मालवून बसते, एखाददुसरा दिवा ठेवून त्याखाली पाण्याचं घमेलं मांडते, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण मे अजून लांब होता. शिवाय स्वयंपाकघरातली पांढरी ट्यूब लख्ख जळत असताना एकही किडा तिच्याकडे फिरकला नव्हता. सगळे देव्हाऱ्यातल्या लाल दिव्याभोवती फिरत होते, आणि तो दिवा बोराएवढा.

किडे धूपदाणीतल्या राखेवर पडत होते. पंख तिथेच झटकून टाकत होते आणि दोघं दोघं होऊन, एकामागे एक, राखेत शिरत होते. बाहेर कोणी येत नव्हतं. ग्योकलान उभी राहून बघत राहिली. मग तिने जळक्या उदबत्तीच्या काडीने राख उकरली, अगदी तळापर्यंत. राखेत काही नव्हतं.

मुलाला फोन करून सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. पंख फडक्याने पुसून घेतले, भात वाढून घेतला आणि जेवायला बसली.

२

न सांगण्याला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव हुईबीन.

हुईबीन तिची मुलगी. लग्नाच्या वयात आलेली, दोन ठिकाणची बोलणी चाललेली, आणि एका सकाळी दुचाकीवरून पडली ती उठलीच नाही. मुलीची नावपाटी नवऱ्याच्या घरी बसते. जिला नवरा नाही तिला बापाच्या देव्हाऱ्यात जागा नसते, ही रीत कोणी केली कुणास ठाऊक, पण मोडायची छाती ग्योकलानच्या नवऱ्याला झाली नाही. तो दुष्ट नव्हता. रात्ररात्र रडला. आणि रडून झाल्यावर स्वतःच्या हातांनी मुलीची पाटी गावाबाहेरच्या मठात ठेवून आला. तिथे एक दालन अशाच मुलींचं आहे. कुणाच्याच नसलेल्या मुली ओळीने मांडून ठेवल्या आहेत.

ग्योकलान दर महिन्याला तिथे जायची. तास दीड तास बसायची, घरचं सगळं सांगायची आणि एकटी परत यायची. जिवंत असताना जिला पावसात कधी बाहेर उभं केलं नाही, तिला मेल्यावर परक्या छपराखाली टाकून आपण घरी भात खायला चाललो, हे तिला सोसायचं नाही.

मग नवरा गेला. यंदाच्या सणाला ती मठात गेली तेव्हा दालनात कोणी नव्हतं. पूर्वी तिथे प्रत्येक मुलीची वेगळी धूपदाणी असे. आगीची भीती म्हणून त्या काढल्या होत्या आणि सगळ्यांची मिळून एक मोठी पितळी धूपदाणी ठेवली होती. ग्योकलानने हुईबीनच्या पाटीकडच्या बाजूने तिच्यात हात घातला, चिमूटभर राख उचलली, लाल कागदाच्या पुडीत बांधून पोलक्यात खोचली आणि घरी येऊन नवऱ्याच्या धूपदाणीत मिसळून टाकली.

गेलेलं माणूस घरात आणायचं ते असंच आणतात, राखेतून. पण आधी कौल लावावा लागतो. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकून विचारायचं, येतेस का. एक उताणी, एक पालथी पडली तर हो. तिने विचारलंच नाही. नाही म्हणाली तर काय करायचं, ही धास्ती होती. आणि सगळ्यांच्या राखेतून आपलीच कशी उचलली, हा प्रश्न मनात आला तेव्हा तिने स्वतःला बजावलं की आईच्या हाताला कळतं.

३

कागीत दुपारी सगळे झोपतात. दुकानदार गल्ल्यावर डोकं टेकतात, शाळेत पोरं बाकावर माना टाकतात. ग्योकलान आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. पलीकडे हुईबीनची खोली. मध्ये लाकडी भिंत, दोन्ही बाजूंनी फळ्या आणि आत वीतभर पोकळी.

मुलगी लहान असताना त्या दोघींचा एक खेळ होता. ग्योकलान बोटाच्या पेराने फळीवर टकटक करायची, जागी आहेस का म्हणून. पलीकडून नखाने खरवडल्याचा आवाज यायचा, जागी आहे म्हणून. मग दोघीही न झोपता पडून राहायच्या. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, तरी सुटीच्या दुपारी हे चालायचंच.

पंख आले त्यानंतर काही दिवसांनी दुपारी तिचा डोळा लागत होता, आणि फळीच्या आतून खरवडल्याचा आवाज आला.

ती उठून बसली नाही. श्वास रोखून पडून राहिली. पुन्हा आला. हलका, नखाचा, पलंगाच्या उंचीवरून. ग्योकलानच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि उशीवर पसरत गेलं. तिने पेराने टकटक केली. ताबडतोब उत्तर आलं.

डोकं ठिकाणावर होतं तिचं. वाळवी लाकडात शिरली की आवाज येतो, हे तिला माहीत होतं. तिने स्वतःला ते समजावलंही. पण वाळवी टकटकीला उत्तर देत नाही. आणि दिलंच, तर ते ऐकून आईला आपलं वय वाटेत कुठेतरी गळून पडल्यासारखं वाटत नाही.

एकच गोष्ट तिला खुपली, आणि तीही पोळी लाटावी तशी तिने मनात सपाट केली. खेळ नेहमी ग्योकलान सुरू करायची. हुईबीनने आपणहून पहिला आवाज कधीच केला नव्हता. ती मुलगीच तशी होती. एकदा शाळेतून यायला उशीर झाला आणि दार लावलेलं दिसलं, तर हाक न मारता पायरीवर बसून राहिली, कोणीतरी आत बोलावेपर्यंत. आता आवाज आधी भिंतीतून आला होता.

मेल्यावर पोरगी जरा धीट झाली असेल, असं म्हणून ग्योकलानने मनाची समजूत घातली.

४

त्या महिन्यात शेजारणीच्या छपराची तुळई बसली. वरून चांगली दिसत होती, आत नुसता भुगा. गल्लीत घबराट उडाली. ग्योकलानचा मुलगा बेंगतेक नोकरीपायी तासाभराच्या अंतरावर राहायचा. त्याने आईला न विचारताच कीड मारणारा माणूस पाठवून दिला.

त्या माणसाचं नाव क्वा. सुपारी खाऊन दात लाल झालेले, बोलण्याची हौस दांडगी. पेचकसाच्या मुठीने तो भिंती ठोकत फिरला, फळ्यांना कान लावत गेला आणि बोलत गेला. ही आपली जुनी वाळवी नव्हे, मावशी. ही तैवानच्या दक्षिण टोकाकडून वर सरकत आलीय, मुळात कुठून बोटीतून आली देव जाणे. दरवर्षी थोडी वर येते. पूर्वी जुनी नि नवी, दोघींचे उडायचे दिवस वेगळे होते, आता उन्हाळा लांबलाय, दिवस एकत्र यायला लागलेत.

“आता सोयरिकी जमतात दोघींच्यात,” तो डोळे मिचकावत म्हणाला. “आणि पोरं होतात ती दोन्हीकडच्यांपेक्षा खादाड.”

“हे लाकूड कीड खात नाही,” ग्योकलान म्हणाली.

“तुमच्या सासऱ्याने सांगितलं असेल. त्यांना या सुना कुठे माहीत होत्या?”

तो देव्हाऱ्यापाशी आला आणि त्याची बडबड थांबली. वाळवी येते ती जमिनीतून, मातीची नळी बांधत वर चढते. इथे बोटाएवढी जाड नळी धूपदाणीच्या पायाशी सुरू होऊन खाली उतरली होती. देव्हाऱ्याच्या टेबलाच्या मागच्या पायावरून, भिंतीच्या कडेकडेने, कुठेही न वळता हुईबीनच्या खोलीच्या उंबऱ्याखाली गेली होती. नवऱ्याच्या पाटीजवळून जाताना मात्र तिने चांगला वळसा घेतला होता. क्वाने नळीचा तुकडा मोडून चिमटीत कुस्करला आणि नाकाशी नेला.

माती नाही, राख आहे, तो म्हणाला. उदबत्तीचा वास येतोय.

जे मिळेल त्याने बांधत असतील, असं त्याने आपणच उत्तर देऊन टाकलं. तरी त्याने धूपदाणीत डोकावून पाहिलं. एवढ्या लांब नळीची राख गेली म्हणजे धूपदाणी अर्धी तरी रिकामी दिसायला हवी होती. ती काठोकाठ भरलेली होती. ग्योकलान घाईने म्हणाली की ती उदबत्त्या पुष्कळ लावते. तिला फक्त तो लवकर बाहेर जायला हवा होता, कारण तो ज्या भिंतीला पेचकस मारत होता त्या भिंतीच्या आत अगदी चिडीचूप होतं. पाहुणा आला की मुलं दाराआड उभी राहतात ना, तसं.

५

ते दिवस ग्योकलानचे फार सुखाचे गेले, हे सांगायलाच हवं. सकाळची कामं ती घाईघाईने उरकायची. दुपार कधी होते असं व्हायचं. मग भिंतीशी तोंड नेऊन ती बोलत राहायची. तुझ्या त्या गालफुग्या मैत्रिणीला जुळे झाले. बाजारातला टोफूवाला वारला, त्याचा मुलगा टोफू करतो पण त्यात जीव नाही. तुझा निळा झगा मी कोणाला दिला नाही. वाक्य संपलं की आतून खरवडल्याचा आवाज यायचा. शेजारणीने एकदा विचारलंसुद्धा, की तब्येत सुधारली वाटतं.

लाकूड मात्र आतून पोकळ होत चाललं होतं. दाराच्या चौकटीवर बोट दाबलं तर खड्डा पडायचा. भिंतींचा लिंबाचा वास गेला होता आणि घरभर मठातल्यासारखा वास येत होता.

एका दुपारी ती हुईबीनच्या लहानपणची गोष्ट सांगत होती. देवीच्या मिरवणुकीत मुलगी हरवली आणि एका भजीवाल्याच्या गाडीखाली सापडली, ती गोष्ट. आतून आवाज आला, पलंगाच्या उंचीवरून, नेहमीचा. मग दुसरा आला, वरून. उभं राहिलेल्या बाईच्या डोक्याच्या उंचीवरून. मग पायाशी, अगदी जमिनीलगत, खूप हलका. मग मधून.

ग्योकलान बोलायची थांबली. वाळवी काय, सगळ्या भिंतीत असणार, वरही असणार, खालीही असणार. हे पटण्यासारखं होतं. तरी तिने विचारलं, “बीन, तूच ना गं?”

सगळीकडून एकदम आवाज आला. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येवो न येवो, सगळ्या पोरी हात वर करतात, तसा. ग्योकलान उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिला भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर परत जाऊन आडवं व्हावंसंही वाटत होतं.

रविवारी बेंगतेक आला. टर्की कोंबडीच्या भाताचे डबे हातात, उंबरा ओलांडतोय तोच त्याचा पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेला. फळीतून नुसता राखाडी भुगा उडाला. तो आईवर ओरडला नाही. पाय सोडवून घेतला, डबे उघडले, तिला वाढलं आणि सांगितलं की दोन दिवसांनी क्वा येऊन भिंतींमध्ये औषध भरणार आहे. तोवर तिने त्याच्याकडे राहायला यावं.

ग्योकलानने नाही म्हटलं. त्याने कारण विचारलं. तिने बराच वेळ भात चिवडला आणि मग सगळं सांगून टाकलं. राख, पुडी, दुपार.

बेंगतेक हसेल असं तिला वाटलं होतं. तो डब्याकडे बघत बसला. बहिणीची पाटी बापाने मठात नेली तेव्हा रीतीप्रमाणे पाटीवर छत्री त्यानेच धरली होती.

“मग तिला सांग,” तो म्हणाला. “थोडे दिवस तिकडे जाऊन राहा म्हणावं. औषधाचा वास गेला की आण परत. मी काही बोलणार नाही, आई.”

६

औषध भरायच्या दिवशी सकाळी ग्योकलान मठात गेली. मुलीला रीतसर परत ठेवायचं आणि मग रीतसर आणायचं, असं तिने ठरवलं होतं. मुलींच्या दालनात खीमबाई पाट्या पुसत होती. ही व्रतस्थ म्हातारी जन्मभर तिथेच राहिलेली. ती ग्योकलानला ताई म्हणायची, स्वतः वयाने मोठी असूनही.

खीमबाई खुशीत होती. या दालनाला कित्येक वर्षं वाळवीने पोखरलं होतं. आम्ही हात टेकले होते, ती म्हणाली, आणि सणापासून बघ, एक किडा नाही. जशी काही बिऱ्हाड उचलून गेली. पाट्या मात्र पार पोकळ करून गेलीय, हातात घेऊन बघ.

ग्योकलानने एक पाटी हातात घेतली. वाळलेल्या कांद्याच्या सालीएवढंसुद्धा वजन नव्हतं तिला. दुसरी घेतली, तिसरी घेतली. सगळ्या तशाच. मग तिने हुईबीनची पाटी उचलायला हात घातला आणि मनगट खाली गेलं. पाटी भरीव होती. जड होती. झोपलेलं मूल उचललं की जेवढं जड लागतं तेवढी जड.

“हिला एकटीला धक्का लागला नाही,” खीमबाई म्हणाली.

ग्योकलानने पाटी छातीशी धरली. तिला काय कळलं ते तिला शब्दांत मांडायची गरज नव्हती. तिने विचारलं, या बाकीच्यांकडे कोण येतं. खीमबाईने हात उडवला. कोण येणार? कोणाच्या आया गेल्या, कोणाच्या आयांनी दुसरी पोरं वाढवली. इथे येऊन बसणारी, घरचं सांगणारी तू एकटी. तू यायचीस ना ताई, तेव्हा मी बाहेर झाडत असायचे. तू बोलायला लागलीस की हे दालन इतकं शांत व्हायचं, मला आत यायला नको वाटायचं.

ग्योकलानला आधी राग आला. सगळ्या दुपारी तिने ज्यांना दिल्या त्या भिंतीतल्या पोरी कुठल्या कोणाच्या. तिचे अश्रू, जुळ्यांची बातमी, भजीवाल्याच्या गाडीची गोष्ट, सगळं त्यांनी तिच्या मुलीच्या नावावर लुबाडून घेतलं होतं. आणि हुईबीन इथेच होती. पायरीवर. कोणीतरी आत बोलावेल म्हणून.

तिने कौलाच्या चंद्रकोरी मागून घेतल्या आणि पाटीपुढे गुडघे टेकले.

“बोलावलं नाही म्हणून आली नाहीस ना?”

एक उताणी, एक पालथी.

“चुकलंच माझं. आता बोलावते. घरी येतेस?”

तीनदा विचारायची रीत आहे. तिन्ही वेळा हो आलं. खीमबाई कडाडली की बापाच्या घरी कुमारी मुलगी बसवलेली कोणी ऐकली नाही.

“बाप वीतभराचा झालाय आता,” ग्योकलान म्हणाली. “तो काही बोलायचा नाही.”

तिने पाटी कापडात गुंडाळली आणि वर काळी छत्री उघडली. वाटेत प्रत्येक वळणावर थांबून तिने मुलीला वाट सांगितली, मेलेल्या माणसाला सांगतात तशी. बीन, इथे वळायचं. बीन, पूल आला, पाण्याकडे बघू नकोस. लोक बाजूला होऊन वाट देत होते. आधी औषध भरून घर मोकळं करून घ्यायचं, मग हिला आत बसवायचं, असा तिचा हिशोब होता. दंड भरून आला, पण तिने हात बदलला नाही.

७

घरी क्वाने काम सुरू केलं होतं. बेंगतेक तोंडाला फडकं बांधून दाराशी उभा होता. हुईबीनच्या खोलीतून भिंतीच्या फळ्या काढून क्वाने पोकळी उघडी केली होती आणि औषधाची नळी हातात धरून तो आत बघत होता. ग्योकलान छत्रीसकट खोलीत आली.

“मावशी, इतकी वर्षं काम करतोय, असं खाल्लेलं मी पाहिलं नाही,” तो म्हणाला. आज तो चेष्टा करत नव्हता.

पोकळीत राखेचं काहीतरी भरलेलं होतं, खालपासून तुळईपर्यंत, थरावर थर. ते हलत होतं की नुसता उजेड हलत होता, हे समजत नव्हतं. ग्योकलानने तिकडे फार वेळ पाहिलं नाही. क्वा दाखवत होता ते पलीकडच्या फळीची आतली बाजू. तिच्या पलंगाकडची फळी.

लाकडात खळगे पडले होते. उथळ, गुळगुळीत, वळणदार. एक तिच्या डोक्याच्या उंचीवर, एक खांद्याशी, दोन कमरेशी जवळ जवळ, कितीतरी उशीच्या उंचीवर दाटीवाटीने, आणि एक अगदी खाली, जमिनीलगत. भिंतीला कान लावला की जेवढी जागा लागते तेवढा प्रत्येक खळगा. बाकी फळी अखंड होती. खळग्यांत मात्र लाकूड नखभर जाडीचं राहिलं होतं, पलीकडचं नीट ऐकू यावं इतकं.

सगळे तुमच्या पलंगाकडे तोंड करून, क्वा म्हणाला, आणि उगाच खाकरला.

ग्योकलान वाकली. सगळ्यात खालच्या खळग्यात तिने बोट घातलं. एवढासा होता. ही सहासात वर्षांची असेल, जमिनीवर आडवी पडून ऐकत असेल. हिची आई कोण होती, कुठे गेली, हिच्यापुढे बसून कोणी कधी टोफूवाल्याची तरी गोष्ट सांगितली होती का? मठातून निघताना बरोबर आणलेला राग ती शोधू लागली आणि तो सापडेना. चोरून ऐकलं होतं पोरींनी. दुसरं काय नेलं होतं?

“भरू का?” क्वाने विचारलं.

“नको.”

“मावशी, तुळई राहायची नाही. घर अंगावर येईल तुमच्या.”

“फळ्या लावून टाका परत. हळू लावा.”

बेंगतेक पुढे आला. त्याने छत्रीकडे पाहिलं, छत्रीखालच्या कापडाकडे पाहिलं. मग त्याची नजर भिंतीच्या आत गेली आणि तिथे काय दिसलं ते त्याने पुढेही कधी सांगितलं नाही. तोंडावरचं फडकं ओढून त्याने डोळे पुसले.

“आई, चल ना माझ्याकडे,” तो म्हणाला. “हिला घेऊन चल. मी जागा करतो.”

यासाठी तिने किती वर्षं वाट पाहिली होती. ती त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाली की तू जा, बाळा. त्याने ऐकलं नाही, तेव्हा तिने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी तो मागे सरला. फळ्या लावून झाल्यावर क्वाला घेऊन तो अंगणात गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज मात्र आला नाही. तो बाहेरच बसून राहिला होता.

दुपार झाली होती. गल्लीत सामसूम झाली. ग्योकलानने छत्री मिटली, आपल्या खोलीत येऊन पलंगावर बसली आणि कापड सोडून पाटी मांडीवर घेतली. वजनाने मांडीला रग लागत होती. भिंतीत कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. पकडल्या गेलेल्या पोरी असतात तशा सगळ्या गप्प.

“रागावू नकोस, बीन,” ती पाटीवरून हात फिरवत म्हणाली. “त्यांना कोणी नाही गं.”

मग तिने भिंतीकडे तोंड केलं. आवाज जरा चढवला, घरात खूप मुली असलेल्या बाया चढवतात तसा.

“जरा सरकून घ्या गं पोरींनो. तुमची ताई आलीय.”

भिंतीच्या आत खालपासून वरपर्यंत सळसळ झाली. माथ्यावरची तुळई करकरली आणि बोटभर खाली आली, राखेची बारीक धार उशीवर पडली. ग्योकलानने वर पाहिलं नाही. तिच्या मांडीवरची पाटी हलकी होत चालली होती.